वैशालीचं पाणी

रामजी गुरुजींनी खोलीला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि वळले, तर समोर जागृती उभी. शेवटच्या खोलीतली नऊ वर्षांची पोर. हातात वरणाची वाटी, वाटीत पाणी आणि पिंपळाचं एक पान.

"गुरुजी, सगळ्या घरांवर शिंपडलं," ती म्हणाली. "तुमचंच राहिलं."

नवागामच्या त्या चाळीत चोवीस खोल्या. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि दोन दिवसांत त्यातल्या एकोणीस खोल्यांना कुलपं लागली. लूम बंद पडले. दवाखान्यांच्या पाट्या जागेवर राहिल्या आणि डॉक्टर गेले. आता गुरुजींचा मुलगा धम्मपाल रस्त्यावर टेम्पोपाशी उभा होता. टेम्पोत त्याची बायको, दोन लेकरं, आणखी तीन घरची माणसं, गाद्या आणि एक कुकर. गुरुजींसाठी मागच्या फळीला लागून हातभर जागा राखली होती.

गुरुजींनी चाळीवरून नजर फिरवली. सगळी कुलपं ओली होती.

"हे कोणी सांगितलं तुला?" तोंडावर रुमाल बांधलेला, त्यामुळे आवाज घोगरा आला.

"तुमीच तर. वैशालीच्या गोष्टीत."

खरं होतं. दोन रविवारांपूर्वी, विहारातल्या मुलांच्या वर्गात. वैशालीत दुष्काळ पडला, मागून साथ आली, ज्याला चालता येत होतं तो प्रत्येकजण नगर सोडून निघाला, आणि भगवान बुद्ध तेवढे उलट्या दिशेनं नगराकडे आले. ही गोष्ट गुरुजी तीस वर्षं सांगत होते आणि तीस वर्षं तिच्यातला पाण्याचा भाग गाळत होते. चमत्कार म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. आपल्या धम्मात चमत्कार नाहीत, असं ते पोरांना ठणकावून सांगायचे. पण त्या रविवारी वीज गेलेली, पंखा बंद, पोरं पेंगायला लागलेली. म्हाताऱ्याला मोह पडला. भिक्षापात्रात पाणी घेऊन भन्ते आनंद घराघरावर शिंपडत नगरभर हिंडले आणि साथ पळाली, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. पोरं टक्क जागी झाली. त्या दिवशी गुरुजी स्वतःवरच खूश होते.

"पहिलं आईवर शिंपडलं," जागृती म्हणाली. "तिला कालपासून ताव भरलाय, अंग नुसतं तापलंय. खोकते पण."

"आणि पप्पा?"

"पलसाण्याला, मिलमध्ये. परवा गेले ते आलेच नाय."

शेवटच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. गुरुजींनी तो सकाळपासून ऐकला होता आणि ऐकला नाही असं स्वतःला सांगितलं होतं.

"बेटा, ते पाणी गोष्टीतलं आहे," ते म्हणाले. "आईला सिव्हिल हॉस्पिटलला न्यायला पाहिजे."

"कोण नेणार?"

पोरीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"बाबा, चला," धम्मपाल गल्लीच्या तोंडाशी आला. "टेम्पोवाला थांबायचा नाही."

"धम्मा, हिची आई..."

"मला माहीत आहे." धम्मपाल खालच्या आवाजात बोलला. पोरीकडे त्यानं बघितलं नाही. "तिला घेतलं तर बाकीचे आपल्याला उतरवतील, बाबा. आत लेकरं आहेत."

गुरुजींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"गुरुजी, पाणी झालं, पण परित्राणाचं सूत्र म्हणायचं राहिलं," जागृती म्हणाली. "मला अर्धंच येतं. तुमी म्हणा ना. ही वाटी धरा."

तिनं वाटी पुढे केली आणि गुरुजी एक पाऊल मागे सरले. त्यांनी ठरवलं नव्हतं. पाऊल आपोआप गेलं. जागृतीनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग वाटी छातीशी धरून ती स्वतःच दोन पावलं मागे झाली, मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लेगवरच्या कॅप्सूलची पट्टी काढली. धम्मपालनं पाच तास रांगेत उभं राहून त्यांच्या वाटणीच्या आणल्या होत्या. चारच होत्या. त्यांनी ती पट्टी उंबऱ्यावर ठेवली.

"आईला दे. आणि तू पण घे."

चारात दोघींचं कसं भागवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. धम्मपालनं पाहिलं आणि तोंड फिरवलं. जागृतीनं पट्टी उचलून फ्रॉकच्या खिशात टाकली.

टेम्पोचा हॉर्न वाजला. गुरुजींनी पिशवी उचलली.

"गुरुजी," तिनं मागून विचारलं, "वैशालीतून पळून गेले होते ना, ते लोक मग परत आले का?"

गुरुजी थांबले. तीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. त्यांनी याचं उत्तर कुठे वाचलंही नव्हतं.

"आले," ते म्हणाले. "सगळे आले."

जागृतीनं मान हलवली. तिला ते पटलं.

धम्मपालनं हात धरून त्यांना फळीवर चढवलं. टेम्पो निघाला तेव्हा गुरुजींनी एकदाच मागे वळून पाहिलं. पोर त्यांच्या दारापाशी आली होती. तिनं पान वाटीत बुडवलं आणि त्यांच्या कुलपावर तीन वेळा पाणी शिंपडलं.