बॉयलरमधली भेग

कारखान्यात रेहानाचा डोळा फुटला. डॉक्टर गद्रेबाईंनी बसवलेल्या नव्या डोळ्याला पोलादाच्या आतलंही दिसू लागलं. बॉयलरमधली भेग तिने तीनदा कळवली, तर मॅनेजर खोपकर तिलाच दवाखान्यात घेऊन आले.

"हिला नाही ते दिसतं. डोळा बदला."

गद्रेबाईंनी तपासून सांगितलं, "डोळा ठणठणीत आहे."

"मग साधा बसवा! कामं खोळंबतात."

रेहाना ताडकन उठली. "माणसं मेली तर चालेल, पण मला दिसायला नको, होय ना साहेब?"

तिने तिथूनच फिटर शेवंताबाईंना फोन लावला. "भोंगा वाजवा. सगळ्यांना बाहेर काढा."

निरीक्षकांनी बॉयलर उघडेपर्यंत एकही माणूस आत गेला नाही. भेग वीतभर होती. रेहाना खोपकरांना म्हणाली, "आता तुमचे डोळे तपासून घ्या."