डाव्या बाजूची झडप

सिस्टरने नव्या फ्रॉकच्या छातीवरची झडप टिचबटणं सोडवून उघडली आणि ती थबकलीच. आत नुसतीच छाती. डबीचा पत्ता नाही.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "डबी उजवीकडे आहे हो. तुम्ही झडप डावीकडे शिवलीत."

खुर्चीला खेटून उभ्या असलेल्या मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेला माणूस. कोट शिवले, गणवेश शिवले, एका अख्ख्या बँड पथकाचे कपडे शिवले, पण कधी कुणाची बाही इकडची तिकडे झाली नाही. आणि चुकायचं तर पोटच्या पोरीच्या फ्रॉकमध्ये!

फ्रॉकही काही हौसेचा नव्हता. ठमीच्या छातीत, कातडीखाली, औषध आत सोडायची छोटी डबी बसवलेली होती. दर खेपेला त्या डबीत सुई टोचायची, तीन-चार तास सलाईन चालवायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. ठमी सुईला भीत नव्हती. पण नववं सरून दहावं लागलेली पोर ती. आठ खुर्च्यांची ती खोली, येणारी-जाणारी माणसं, आणि त्यांच्यादेखत फ्रॉक खांद्यावरून खाली ओढायचा! मागच्या सलाईनच्या वेळी तिने रडून खोली डोक्यावर घेतली होती. घरी आल्यावर जाहीरच केलं, "कपडे काढायचे असतील तर मी येणार नाही म्हणजे नाही." म्हणून मास्तरांनी ही झडप शिवली. खिशाच्या झाकणासारखी, सुबक, आतून मऊ अस्तर लावलेली.

"आता गं?" सिस्टरने इकडेतिकडे पाहिलं. आडोशाचा पडदा एकच, तोही पलीकडच्या बाळाला लावलेला. तो मोकळा व्हायला तासभर तरी लागणार, आणि डबीवरच्या मलमाचा बधिरपणा तोवर उतरणार. गेल्या आठवड्यात रक्तातल्या पेशी कमी भरल्या म्हणून ठमीला औषध न देताच परत पाठवलं होतं. आज सकाळी रक्त दिलं, दोन तास जीव मुठीत धरून रिपोर्टची वाट पाहिली, तेव्हा कुठे डॉक्टर "द्या" म्हणाले होते.

"ठमाबाई, आजच्या दिवस जरा खांद्यावरून..."

"नाही." ठमीने दोन्ही मुठींत गळपट्टी आवळून धरली. डोळे भरून आले होते.

"पण मास्तर, माप कशावरून घेतलंत?" सिस्टरने सहज विचारलं.

मास्तर काय सांगणार? डबी बसवून चार महिने झाले होते. घरी आंघोळ घालायची, मलम लावायचं, सगळं ठमीची आई करायची. तेवढ्यात मास्तरांना नेमकं दुकानात काहीतरी आठवायचं. इथे आलं तरी कधी फॉर्म भरायचा असायचा, कधी औषधांच्या खिडकीवर रांग लावायची असायची. आज आईला सर्दी झालेली, आणि सर्दीच्या माणसाला या मुलांच्या खोलीत मज्जाव. म्हणून ते पहिल्यांदा आत आले होते. छातीतली डबी म्हणजे काळजाच्या बाजूलाच असणार, असं ते आपलं धरून चालले होते.

ठमी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बाबा, तू ती कधी बघितलीच नाहीयेस ना?"

आवाजात राग नव्हता. तो असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी मान हलवली.

मग ते फरशीवर गुडघे टेकून बसले. "सिस्टर, जरा कात्री देता?"

कात्री आली. बँडेज कापायची, कापडाच्या नावाने बोंब. "ठमे, कुठं कापायचं ते मला बघायला लागेल," ते म्हणाले. "मी एकटाच बघेन. हात धुऊन आलोय."

ठमीने क्षणभर विचार केला. मग मुठी सोडल्या आणि गळपट्टी पुढे ओढून धरली.

"बघ. घाबरू नकोस, दुखत नाही ती."

मास्तरांनी आत पाहिलं. कातडीखाली बटणाएवढा उंचवटा. वर पांढरं मलम, चिकटपट्टीखाली दबलेलं. बाजूला बोटाच्या पेरभर व्रण. पोरीच्या एवढ्याशा अंगात परक्या माणसांनी काहीतरी शिवून ठेवलं होतं, आणि चार महिने ती ते घेऊन शाळेचा अभ्यास करत होती, भांडत होती, त्यांच्याच दुकानात चिंध्यांशी खेळत होती. त्यांची नजर सवयीने व्रणावरून फिरली.

"कुणी शिवलं हे?"

"मोठ्या डॉक्टरकाकूंनी."

"हात चांगला आहे," मास्तर म्हणाले. "टाके अगदी एकसारखे."

ठमी खुदकन हसली.

त्यांनी दोन बोटं कापडाखाली आडवी घातली आणि नव्याकोऱ्या फ्रॉकला उजवीकडे सरळ चीर दिली. डबीपुरतीच, दोरा इकडे नाही की तिकडे नाही. सिस्टरने चिकटपट्टी काढली, मलम पुसलं, नवे हातमोजे चढवून जागा तीनदा स्वच्छ केली आणि सुई उचलली.

"तिकडे बघ हं, बाबा," ठमी म्हणाली, आणि तिने आपला तळवा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला.

मास्तरांनी तो अलगद खाली घेतला आणि हातात धरून ठेवला.