मी त्यांची, मग जित्यांची

दरडीखाली नवरा, सून आणि दोन नातवंडं गेली, तरी शाळेतल्या छावणीत हौसाबाईंना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसभर सत्तर माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. समुपदेशन करायला आलेल्या मृण्मयीने वहीत लिहिलं, ‘दुःख नाकारताहेत. धोका आहे.’

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसाबाई एकट्याच ओढ्याकडे निघालेल्या दिसल्या आणि मृण्मयीला वहीतला ‘धोका’ आठवला. ती धावतच मागे गेली. काठावर बसून हौसाबाई एकेकाचं नाव घेत हंबरडा फोडत होत्या. उजाडल्यावर त्यांनी तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि त्या मागे वळल्या.

“रोज येता?” मृण्मयीने विचारलं.

“रोज. सूर्य वर येईस्तोवर मी त्यांची. मग जित्या माणसांना भूक लागते.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कोण सांगणार, पोरी? ढिगाऱ्यापाशी नुसती रडत बसले, तर उठता येईना. इथं येऊन नुसतं काम केलं, तर छाती फुटायला लागली. मग अशी वाटणी केली.”

दुःखात उतरायचं, बाहेर यायचं, पुन्हा उतरायचं. माणूस असाच तगतो, हा सिद्धांत मृण्मयीने परीक्षेसाठी पाठ केला होता. ही बाई तिथवर अनवाणी चालत पोचली होती.

मृण्मयीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“अगं, पाया कसली पडतेस?” हौसाबाई म्हणाल्या. “चल, पीठ मळू लाग.”