टेबल हलतंय

“हात लावून तर बघा, सर,” कंपनीचा माणूस जॉयस्टिक पुढे सरकवत म्हणाला. “लोण्यासारखं चालतंय.”

डॉक्टरांनी ॲप्रनच्या खिशातला उजवा हात बाहेर काढला नाही. “आधी तुम्हीच दाखवा,” ते म्हणाले.

त्याला तेवढंच हवं होतं. आल्यापासून त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. डॉक्टरांच्या जुन्या मायक्रोस्कोपवर त्याने दाखवण्यापुरता कॅमेरा आणि स्लाइड सरकवणारा मोटरचा स्टेज बसवला होता. जॉयस्टिकला बोट लावलं की स्टेजवरची स्लाइड अलगद सरकायची आणि भिंतीवरच्या पडद्यावरून जांभळ्या पेशी शिस्तीत पुढे जायच्या. फोकसला वेगळी मोटर. चित्र पुसट होण्याआधीच ती ते स्पष्ट करायची.

“बाबा, एवढं सगळं कशाला हवंय आपल्याला?” शेजारच्या खुर्चीतून लेक म्हणाली. तीही डॉक्टर. लॅब या दोघांवर चालायची. “कॅमेरा घेऊ, फार तर फोकसची मोटर घेऊ. स्टेज आहे तोच राहू दे. इतकी वर्षं हाताने चाललंय ना?”

“हाताने चाललंय म्हणूनच,” ते घाईने बोलून गेले आणि सावरले. “म्हणजे, वेळ जातो फार.”

गेले काही महिने उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला होता. कोपर टेबलावर दाबून, उजव्यावर डावा हात धरून, दार लोटून घेऊन ते स्लाइडी बघत होते. डोळे शाबूत होते, डोकं शाबूत होतं, घात केला तो हाताने. लेकीला कळलं तर ती त्यांना या खुर्चीवरून उठवणार, आणि तेही मायेने. मायेपुढे भांडताही येत नाही. या खुर्चीखेरीज दुसरीकडे कुठे बसायचं, हे त्यांना आयुष्यात कधी शिकता आलं नव्हतं. म्हणून त्यांनी मोटरवर भरवसा टाकला होता. मोटरला कुठला आलाय कंप, एवढाच त्यांचा हिशेब.

“आता सगळ्यात मोठ्या लेन्सवर बघू,” कंपनीचा माणूस म्हणाला. “खरी परीक्षा तिथेच. या, सर.”

“राहू द्या, मी बघते,” लेक चटकन पुढे झाली. तिचा आवाज नको तेवढा चढला होता.

डॉक्टरांना राग आला. “ठके, या खुर्चीत मी बसतो. अजून तरी,” ते म्हणाले आणि त्यांनी हात जॉयस्टिकवर ठेवला.

पडद्यावरच्या सगळ्या पेशी चाळणीतल्या पिठासारख्या थरथरू लागल्या. मोटर कापत नव्हती. हात सांगेल तेवढंच ती इमानाने करत होती, आणि ती लेन्स ते कितीतरी पटींनी मोठं करून भिंतीवर दाखवत होती. डॉक्टरांनी हात उचलून परत खिशात घातला. चित्र थांबलं.

“टेबल हलतंय, सर,” कंपनीचा माणूस लगेच म्हणाला. “खाली लिफ्टची मोटर असेल. होतं असं बऱ्याच ठिकाणी. हादरे शोषून घेणारी पाटी आहे माझ्याकडे, गाडीतच पडलीय. घेऊन आलोच.” आणखी एक वस्तू खपणार, या आनंदात तो जिन्याकडे पळाला.

लेकीने उठून दार लावलं. डॉक्टर पडद्याकडेच बघत राहिले.

“म्हणून नको म्हणत होते, बाबा,” ती म्हणाली.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“तुम्ही चहा अर्धाच कप मागायला लागलात, तेव्हापासून.”

“मग बोलली नाहीस कधी?”

“तुम्ही कुठे बोललात?”

मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि त्याला वाटतं कुणी बघत नाही. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली आणि तिचा रागही आला. इतके महिने आपण लपवतोय असं ते समजत होते. खरं लपवत होती ती. दार लोटलं की आत यायचं नाही, चहा सांगून ठेवलेला असायचा तोही अर्धा, आणि त्यांना त्यातलं काही दिसलं नव्हतं. यांचे म्हणे डोळे शाबूत.

“त्याला म्हणू, विचार करून कळवतो,” ती हळू आवाजात म्हणाली. “जाईल तो. बाहेर कुणाला कळायचं काही कारण नाही, बाबा. आपलं आपण बघू.”

जिन्यात पावलं वाजली. कंपनीचा माणूस धापा टाकत आत आला. त्याने मायक्रोस्कोप जपून उचलला, खाली काळी जाड पाटी सरकवली आणि दोन पावलं मागे होऊन हात झटकले.

“आता डोंगर हलेल, सर, पण हे हलायचं नाही. बघा.”

“आज नको,” लेक म्हणाली. “आम्ही कळवतो तुम्हाला.”

डॉक्टरांनी खिशातून हात काढला आणि पुन्हा जॉयस्टिकवर ठेवला. पेशी तशाच थरथरू लागल्या. लेकीने मान खाली घातली. कंपनीचा माणूस गोंधळला. वाकून टेबलाचा एक पाय चाचपू लागला, मग दुसरा. “आता हे कुठून येतंय?” तो स्वतःशीच पुटपुटला.

“टेबल सोडा हो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी या वेळी हात उचलला नाही. “माझा हात हलतोय. या हाताला चालेल असं काय आहे तुमच्याकडे, ते दाखवा.”