दुहेरी अक्षरं

शैलाकाकूंची तक्रार साधीच होती. संगणकाच्या पडद्यावर, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत त्यांनी ‘आज’ लिहिलं, की ‘आआजज’ उमटायचं. खाटेवर निश्चल पडलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या मेंदूत चिप होती. काकूंनी लिहिलेलं तिच्यातून त्यांच्यापर्यंत पोचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्षभर काकू रोज लिहीत होत्या. उत्तर कधी आलं नव्हतं.

दुरुस्तीला आलेल्या फिरोजने सेटिंग उघडलं. “काकू, पहिलं अक्षर तुमचंच मशीन दाखवतंय. तेवढं बंद करतो, म्हणजे एकेरी दिसेल.”

“आणि दुसरं कोण दाखवतं?”

“ते तिकडून परत येतं. काकांच्या मेंदूने वाचलं, तरच.”

काकू पडद्यावर मागे जात जुनं लिहिलेलं पाहू लागल्या. कारल्याची भाजी, लेकीचं बाळंतपण, सगळं दुहेरी. परवा वैतागून लिहिलेली ओळ सापडली: ऐकताय, की मी भिंतीशी बोलतेय?

तीही दुहेरीच होती.

फिरोजचं बोट बटणावर पोचलं, तसा काकूंनी त्याचा हात धरला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “एकेरी दिसायला लागलं, तर बोलावीन तुला.”