रिमॅपनंतरचं अ‍ॅव्हरेज

रिमॅप केल्यावर, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलल्यावर, बाबांच्या डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज तेरावरून एकोणीसवर गेलं. पण हे रिमॅपमुळे घडलंच नाही असं धरून चला.

कारण मेकॅनिक सुशांत म्हणाला, "भाऊ, रिमॅपने फार तर दीड-दोनने वाढतं. काहीतरी झोल आहे. उद्या आण, जुनं सॉफ्टवेअर परत टाकतो."

आज घोडबंदर रोडच्या सिग्नलला, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना किल्ली फिरली आणि इंजिन बंद झालं. डिझेल वाचवायला बाबा असंच करायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं.

मागच्या सीटवरून आई नेहमीच्या सुरात म्हणाली, "अहो, सिग्नल सुटला."

मला ती 'अरे' म्हणते.

किल्ली पुन्हा फिरली.

मा. परिवहन अधिकारी, मालक सध्या वाहन चालवत असल्याने सदर सॉफ्टवेअरला हात लावण्यास कायमची मनाई करावी, ही नम्र विनंती.