जुळणी

पंजाबरावांच्या पोरीची पत्रिका हरिहर गुरुजींनी सकाळीच पाहून ठेवली होती. आलेल्या स्थळाशी जुळत होती, अगदी छान. तरी परतवाड्याला पंजाबरावांना फोन लावायला त्यांचा हात काही उठेना. पत्रिकेची घडी घालायची, पुन्हा उघडायची, असंच चाललं होतं.

शेजारी धाकटी चारुता लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसली होती.

"काय पाहून राहिली एवढं?"

"पंजाबरावकाकांच्याच गाईंच्या पोटातले जंतू, बाबा. रानात चरलेलं सगळं तेच पचवतात. त्या जंतूंनाही विषाणू लागतात, पण ज्याचा त्याचा जंतू ठरलेला. कोणाचा कोणता, ते मी आधी कॉम्प्युटरवर जुळवून पाहते."

"म्हणजे माझाच धंदा की!" गुरुजी कितीतरी दिवसांनी हसले. "अन् जुळलं म्हणजे?"

"म्हणजे विषाणू आत शिरतो, तिथंच वाढतो, अन् बहुतेकदा जंतूला फोडून बाहेर येतो."

गुरुजींचं हसू मावळलं. आत ओट्याशी थोरली, स्वराली, चहा गाळत होती. तिचीही पत्रिका अशीच सुरेख जुळली होती. अकोल्याच्या सासरहून ती कायमची परत आली तेव्हा वाळून अर्धी झाली होती.

"तुझं जुळवलेलं चुकते का कधी?"

"पुष्कळदा. म्हणून तर मग दोघांना काचेच्या ताटलीत एकत्र ठेवून पाहायचं. त्याशिवाय कोणी मानत नाही."

"आमच्याकडे ताटली नसते," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. पंजाबरावच होते. गुरुजींना हल्ली कमी ऐकू येई, म्हणून स्पीकर कायम चालू.

"महाराज, जुळते का नाई?"

"पत्रिका जुळते, पंजाबराव. पण पौर्णिमाले विचारलं का?"

पंजाबराव खो खो हसले. "पोरीले काय विचारायचं असते, महाराज? तुमी विचारलं होतं का स्वरालीले?"

त्या भल्या माणसाच्या मनात काही वाकडं नव्हतं. अकोल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. गुरुजींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, मले त्याची भीती वाटते," असं स्वराली लग्न ठरताना म्हणाली होती. आणि तेव्हा त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

स्वराली चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवला आणि ती फोनवर वाकली.

"नव्हतं विचारलं, काका," ती म्हणाली. "तुमी विचारा."